मधलं पेडल

आमच्या ह्यांना बस डेपोत सगळे ‘सावकाश’ म्हणायचे. आडनाव नव्हे ते. फोरमनपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांनी मिळून ठेवलेलं नाव. साधा एक नट आवळायचा तर हे आधी तो पुसणार, मग आटे बघणार, मग हाताने फिरवून बघणार आणि मग पाना लावणार. तोवर शेजारच्या फिटरच्या दोन बस निघून गेलेल्या असायच्या. पण सावकाशांच्या हातून गेलेली बस वाटेत बंद पडून परत आली असं चौतीस वर्षांत झालं नाही, हेही तेच लोक सांगायचे. म्हणून कोणी फार बोलत नसे.

आणखी एक खोड होती. डेपोचा नियम असा की जो सुटा भाग तुम्ही बनवाल किंवा बदलाल, त्यावर नंबरी पंचाने तारीख आणि आपला टोकन नंबर ठोकायचा. पुढेमागे काही झालं तर काम कोणाच्या हातचं ते कळावं म्हणून. बाकीचे फिटर साहेब उभा असेल तरच ठोकत. हे घरातसुद्धा ठोकायचे. आमच्या खिडकीच्या कडीवर तारीख आहे. कुकरच्या दांड्यावर आहे. लेकीच्या तीनचाकी सायकलला मागचा आस नवा घातला, त्यावर होती. मी म्हणायचे, “उद्या माझा दात बसवलात तर त्यावरही ठोकाल.” हे म्हणायचे, “दाताचं काम मला येत नाही.” हे विनोदाने म्हणाले की खरंच, ते मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही सांगता येणार नाही.

घराच्या मागे पत्र्याची शेड आहे. मी कपडे वाळत घालायला म्हणून मागून घेतली होती. त्यात एकवीस वर्षं गाडी उभी आहे आणि कपडे अजून खिडकीत वाळतात.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. काळी, चार दारांची, गोल दिव्यांची, माझ्याही जन्माआधीची. मी एकोणीस वर्षांची असताना अण्णांनी मला तिच्यावरच गाडी शिकवली. माझं लग्न झालं तरी अण्णांना कुठे जायचं असलं की मला बोलावणं यायचं. मी पण टाळत नसे. घरी शिलाई मशीन होती, शाळेच्या गणवेशांचे ढीग होते, लेक तीन वर्षांची होती. तेवढीच माझी हवा बदलायची.

आता हे एकदाच सांगते, पुन्हा पुन्हा विचारू नका. जुलै महिना होता. बुधवारी मी अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन निघाले होते. गोदामांच्या बाजूने रस्ता खाली उतरतो, तिथे पुढचा ट्रक थांबला. मी ब्रेक दाबला. म्हणजे मी ब्रेक समजून रेस दाबली. गाडी थांबेना म्हणून आणखी जोरात दाबली. अण्णा “अगं” एवढंच म्हणाले. गाडी ट्रकच्या मागे घुसली, ती अण्णांच्या बाजूने. पट्टे वगैरे त्या गाडीला नव्हतेच.

लोक जमले, कोणीतरी मला ओढून बाहेर काढलं. कोणीतरी विचारलं, काय झालं? मी म्हणाले, ब्रेक लागले नाहीत. त्या घटकेला मला तसंच वाटत होतं, शपथ घेऊन सांगते. कपाळाला टाके घालत होते तेव्हा मला आठवलं की माझा पाय कडेच्या पेडलवर होता, मधल्या नव्हे. पण तोवर तीन जणांना सांगून झालं होतं. त्यात एक पोलीस होता आणि एक माझी आई.

आणि त्या गाडीचे ब्रेक तीनच दिवस आधी, रविवारी, आमच्या ह्यांनी केले होते. नवे लायनर घातले होते, सासऱ्यांची गाडी म्हणून अख्खा दिवस घालवून.

गाडीचं तोंड इतकं चेपलं होतं की तपासणाऱ्याला काही ठरवता येईना. नळ्या तशाही तुटल्याच होत्या. कागदावर ‘ब्रेक निकामी’ अशी एक ओळ आली आणि फाईल मिटली. आईने मात्र मिटली नाही. अण्णा गेले म्हणून घर माणसांनी भरलेलं असताना ती ह्यांच्याकडे न बघता म्हणाली, “तुमच्या हातचं काम ते.” हे उभे होते. म्हणाले, “माझ्याकडून काही राहिलं असेल.” मी तिथेच बसले होते, कपाळाला पट्टी लावून. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य होतं. मी ते उद्यावर टाकलं, आणि उद्याचा परवा झाला.

तेव्हापासून मला नीटसं काही वाटत नाही. रडू येत नाही, हसू येतं ते तोंडापुरतं. पायाला मुंग्या आल्यावर चिमटा काढला तर काढला हे कळतं पण दुखत नाही, तसं. मशीनवर बसले की बरं असतं, बाह्या, कॉलर, काज, बटण. दिवस जातो.

सप्टेंबरात हे गाडी दोरीने ओढून घरी घेऊन आले. सोबत ह्यांचा मित्र, डेपोतला वेल्डर. तोंडाला कुलूप नसलेला माणूस. “वहिनी, भंगारवाल्याच्या तोंडातला घास काढून आणलाय,” म्हणाला. मी विचारलं, “हे कशाला घरात?” हे म्हणाले, “नीट करतो.” बस्स, एवढंच. मी घरात गेले. त्या शेडकडे बघायचं नाही असं ठरवलं, पण स्वयंपाकघराची खिडकी नेमकी तिकडेच उघडते.

पहिल्याच संध्याकाळी ह्यांनी पुढचं चाक काढलं. मग आतला ड्रम काढला. मी खिडकीतून बघत होते, हातात अर्धवट सोललेला बटाटा. माझ्या मनात एकच होतं, आता कळणार. ह्यांना न कळणारं ब्रेकमध्ये काही नसतंच. हे त्या उघड्या चाकासमोर बसून राहिले. मग दुसरं चाक काढलं, तिसरं, चौथं. प्रत्येकासमोर बसून राहिले. घरात आले तेव्हा अंधार पडत आला होता. मी दाराआड उभी. हे म्हणाले, “चहा आहे का?”

मी चहा दिला. हे प्यायले. बोलले काहीच नाहीत. तेव्हा माझी खात्री झाली की ह्यांना स्वतःचीच चूक सापडली. नसलेली चूकसुद्धा शोधून काढणारा माणूस तो. आणि मला, खोटं कशाला सांगू, हायसं वाटलं. इतकी मी वाईट.

पुढची वर्षं कशी गेली ते वेगवेगळं आठवत नाही. रविवार आणि शेड, शेड आणि रविवार. चेपलेला पत्रा ठोकून सरळ झाला. जुनं इंजिन गेलं आणि एका नव्या, मागून चेपलेल्या गाडीचं इंजिन आलं. ते मावेना म्हणून पुढचा सांगाडा कापला, त्यात दोन वर्षं. मऊ स्टेअरिंग आलं. चारी सीटला पट्टे आले. हे पट्टे ओढून ओढून बघायचे, इतके की लेकीला वाटायचं बाबा व्यायाम करतात. गोल दिव्यांच्या काचा त्याच ठेवल्या आणि आत नवे पांढरे दिवे बसवले. लेक म्हणायची, “आजीबाईंना मोतीबिंदूचं ऑपरेशन केलंय.”

आणि ब्रेक. ब्रेक ह्यांनी चार वेळा बदलले. आधी जुन्यासारखेच नवे. मग पायाला जोर कमी लागावा म्हणून पेडलमागे हवेचा डबा बसवला. मग पुढच्या चाकांना डिस्क. मग मागच्याही. प्रत्येक वेळी वेल्डर यायचा, कारण ब्रेक बसवल्यावर नळ्यांतली हवा काढावी लागते आणि ते एकट्याचं काम नाही. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली झोपून चाकाजवळचा पेच ढिला करायचा. “दाब.” “धर.” “सोड.” तासभर हेच. मला ते शब्द मशीनच्या आवाजातही ऐकू यायचे. वेल्डर एकदा आतून ओरडला होता, “सावकाश, हे पेडल आहे का पायपुसणं?” ह्यांनी उत्तर दिलं नाही. वेल्डरच्या बोलण्याला उत्तर द्यायची आमच्याकडे पद्धतच नव्हती.

चौथ्यांदा ब्रेक निघाले तेव्हा मी म्हणाले होते, “पुरे आता. किती वेळा तेच ते?” हे म्हणाले, “ब्रेक आहेत. नीट नकोत?” मी पुढे काय बोलणार? ज्याला नसलेल्या चुकीचं ओझं मीच दिलं, त्याला पुरे म्हणण्याचं तोंड मला नव्हतं.

सीटची कव्हरं मी शिवली. पण गाडीत बसून नव्हे. ह्यांना सांगितलं, सीट काढून आत आणा, मापं मी इथे घेते. दोन माणसांनी उचलून आणल्या. हे हो म्हणाले, का म्हणून विचारलं नाही. एकवीस वर्षांत मी त्या गाडीच्या पुढच्या दाराला हात लावला नाही. लेक मागे बसून गोष्टीची पुस्तकं वाचायची, मी बाहेरूनच जेवायला हाक मारायची.

लेक चौदा वर्षांची असताना सुट्टीत माझ्या आईकडे राहून आली. आई आमच्या घरी येत नसे, नात मात्र लागायची. आल्या आल्या लेकीने पिशवीही खाली न ठेवता ह्यांना विचारलं, “बाबा, तुमच्याकडून नक्की काय राहिलं होतं?”

हे जेवत होते. मी मशीनवर होते, निळ्या कापडाची बाही होती, ते मला पक्कं आठवतं. पाय थांबला माझा.

“कशात?” हे म्हणाले.

“आजोबांच्या गाडीत. आजी म्हणाली, तुमच्यामुळे गेले.”

हे घास गिळून म्हणाले, “एक नट. मागच्या चाकाच्या नळीचा. आवळायचा राहिला.”

“तुमच्याकडून नट राहिला?” लेकीला ते पटेना. पटणार कसं, तिला माहीत होता बाप.

“राहतो कधीकधी,” हे म्हणाले आणि पाणी प्यायले.

लेक माझ्याकडे वळली. मी बाही सुईखाली सरकवली आणि मशीन चालू केली. ती शिवण मला नंतर पूर्ण उसवावी लागली, पार खांद्यापर्यंत वाकडी गेली होती. लेक त्या दिवसापासून शेडमध्ये वाचायला गेली नाही. बापाशी बोलायची, भांडायची, मस्करी करायची, पण मधे काहीतरी आलं ते आलंच. ह्यांनी गोष्टीचं पुस्तक मागच्या सीटवरून उचलून आणलं आणि तिच्या टेबलावर ठेवलं.

सात वर्षांपूर्वी आई गेली. शेवटचे अकरा दिवस ती हॉस्पिटलात होती. हे रोज यायचे आणि बाहेरच्या बाकावर बसायचे, आत बोलावलं नव्हतं म्हणून. मी आत तिचा हात धरून बसायचे. रोज ठरवायचे, आज सांगते. आई ग्लानीत गेली त्याच्या आदल्या दिवशी म्हणाली, “जावयाला सांग, डबा घेऊन जा, उगाच बसू नका.” अकरा दिवसांत ह्यांच्याविषयी तेवढंच बोलली. मी बाहेर जाऊन ह्यांना डबा दिला. आईला सांगायचं होतं ते सांगितलं नाही.

हे रिटायर झाले. गाडी उभी राहिली, रंगाला दिली, आली, काळीच. लेक आता दुसऱ्या गावात नोकरी करते, तिथे क्लास लावून गाडी शिकली. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, “बाबा, रविवारी येते. काढायची का आजीबाईला बाहेर?” ह्यांचा चेहरा मी बघितला. एवढा आनंद ह्यांच्या तोंडावर दिसायची सवय नसल्यामुळे मला आधी वाटलं ह्यांचं पोट दुखतंय.

शुक्रवारी ह्यांनी मागची एक नळी बदलली. जुनी बरी होती, पण लेक चालवणार म्हणून. म्हणजे पुन्हा हवा काढणं आलं. आणि वेल्डर आता मुलाकडे राहायला गेलेला, चार तासांच्या अंतरावर. सकाळी दहाच्या सुमाराला हे मागच्या दारात येऊन उभे राहिले, हात पुसत.

“अगं, जरा येतेस? पेडल दाबायला कोणी नाही.”

मी म्हणाले, “शेजाऱ्यांना बोलवा.”

“त्यांना दाब म्हटलं की सोडतात. तू ये.”

“मला नाही जमायचं.”

“तीन शब्द आहेत,” हे म्हणाले, “दाब, धर, सोड. एवढंच.” आणि वळून गेले. गेले म्हणजे आता मला जायलाच हवं. हा ह्यांचा जुना डाव.

पुढचं दार उघडलं तर माझीच शिवलेली सीट. टाके ओळखीचे, बाकी काहीच ओळखीचं नाही. मी बसले. हे मागच्या चाकाखाली चटईवर आडवे झाले, फक्त पाय दिसत होते. स्टेअरिंगला मी हात लावला नाही, मांडीवर ठेवले. इंजिन बंद आहे, गाडी जॅकवर आहे, कुठे जाणार नाही, असं स्वतःला सांगितलं. धडधड वगैरे झालं नाही, नेहमीसारखंच काही वाटत नव्हतं.

“दाब,” हे म्हणाले.

मी चप्पल काढून पाय पुढे केला. पाय लगेच लागला. मी पाय सरकवून बघितला, पेडल संपेचना. वाकून बघितलं. मधलं पेडल माझ्या दोन तळव्यांएवढं रुंद होतं, वर उचललेलं, जाड रबर लावलेलं. आणि रेसचं पेडल पार कडेला, खाली, दोन बोटांएवढं अरुंद, मधे एक उभी पट्टी. या पायाने त्या पेडलवर चुकून जायचं म्हटलं तरी जाता येणार नाही. जायचं तर ठरवून, पाय उचलून, पट्टी ओलांडून जावं लागेल. अशी पेडलं मी कुठल्याही गाडीत पाहिली नाहीत. ती घरीच केलेली होती.

“काय झालं? दाब,” हे खालून म्हणाले.

पेडलच्या दांड्यावर आकडे होते. असणारच. मी ओढणीच्या टोकाने काळं पुसलं. टोकन नंबर, आणि तारीख. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली. अण्णा जुलैत गेले, गाडी सप्टेंबरात घरी आली. म्हणजे पत्रा ठोकायच्या आधी, इंजिनाच्या आधी, सगळ्याच्या आधी हे पेडल झालेलं होतं. गाडीत जे खरंच चुकलं होतं ते ह्यांनी पहिल्या दोन महिन्यांतच दुरुस्त केलं होतं. उरलेली एकवीस वर्षं मी समजत होते की हे स्वतःची चूक शोधतायत.

“ब्रेक गेले नव्हते,” मी म्हणाले. आवाज माझाच, पण मशीनच्या पलीकडून यावा तसा.

खालून पान्याचा आवाज आला, पेचावर बसल्याचा.

“माहीत आहे,” हे म्हणाले. “दाब.”

मी दाबलं नाही. मला राग आला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी आतपर्यंत आलं, आणि तो रागच निघाला. “माहीत होतं तर बोलला का नाहीत? आई मेली माझी तुम्हाला दोष देत. पोरीला नट सांगितलात. हे ब्रेक चार चार वेळा कशाला बदललेत मग?”

“ब्रेक गेले असं तू म्हणालीस,” हे खालूनच म्हणाले. “मग ब्रेक बदलायला नकोत?”

मी दांड्यावरचे आकडे पुन्हा एकदा पुसले.

हे पुढे म्हणाले, “बाकीचं तू सांगायचं होतंस. मी सांगितलं असतं तर तुझ्यावर घातल्यासारखं झालं असतं.” मग, “मला वाटलं, वर्षभरात बोलशील. गाडी तोवर कशी संपवणार? संपली असती तर तुझ्याशिवाय चालवायला कोण बसलं असतं?”

मी पाय त्या रुंद पेडलवर ठेवला.

“दाब,” हे म्हणाले. मी दाबलं.

“धर.” धरलं. खाली तेल ठिबकल्याचा आवाज आला.

“सोड.”

चारही चाकं झाली. मधे दोनदा मी चुकून धर म्हटल्यावर सोडलं, तेव्हा हे म्हणाले, शेजारी बरे होते. अकरा वाजून गेले होते. ह्यांना उठायला हात दिला, गुडघे आता साथ देत नाहीत. दोघांनी नळाखाली हात धुतले. मग मी फोन घेतला आणि लेकीला लावला. हे पंच आणि हातोडी घेऊन नव्या नळीच्या पट्टीवर तारीख ठोकत बसले होते.

“आई? या वेळेला?” लेक म्हणाली. “ऑफिसात आहे मी.”

“कुठेतरी बाजूला जा आणि बस,” मी म्हणाले.

“बाबा बरे आहेत ना?”

“बरे आहेत. बसलीस?”

“बसले. काय झालं?”

“तुझ्या बाबांकडून नट राहिला नव्हता,” मी म्हणाले. हातोडी थांबली. “गाडी मी चालवत होते. ब्रेक समजून मी रेस दाबली.”